चटणीच्या डब्याखालची अक्षरं

भिंतीपलीकडची मेहक एका परीक्षा केंद्रातले चाळीस कॉम्प्युटर सांभाळते. चाळिसांत भरायचं सगळं सामान तिनं एका डिस्कवर तयार ठेवलेलं असतं. त्या सामानाचा चौसष्ट अक्षरांचा ठसा निघतो म्हणे. आत टिंबभर बदल झाला तरी ठसा पार वेगळा येतो. आम्ही खळ्यावर धान्याच्या राशीला राखेची रेघ ओढायचो, तसंच. रेघ मोडली की समजायचं, कुणीतरी हात मारलाय.

ठशाची चिठ्ठी डिस्कवर होतीच. तरी बाई मुलखाची संशयी. जानेवारीत माझ्या कॅलेंडरच्या पानामागं, पाककृतीच्या कडेला, तीच अक्षरं उतरवून गेली.

"आज्जी, माल बदलणारा चिठ्ठीबी बदलंल की. तुमच्या भिंतीवर कोण येतंय?"

एप्रिलात ती बहिणीच्या लग्नाला गडहिंग्लजला गेली. आठ दिवसांनी परतून बघते तर डिस्कचा कप्पा उघडा, आणि परीक्षा दुसऱ्या दिवशी! केंद्राचे प्रमुख विजयसिंह साहेब म्हणाले, "चिठ्ठीशी ठसा जुळतोय न्हवं? मग भरा की!"

ती तणतणत माझ्याकडं आली. "आज्जी, जानेवारीचं पान?"

महिना संपला की पान फाडून मी फळीवर अंथरते. आता हे कुठल्या तोंडानं सांगायचं?

"असंल की घरातच."

"असंल काय? डिस्कमधी काय लपवून कुणी पेपर फोडला तर पोरांचं वर्ष जाईल, आन् खापर माझ्या डोक्यावर!"

फळ्या उपसल्या. लोणचं, पापड, पिठं सगळं खाली. तिच्या कपाळाला आठ्या, माझ्या गुडघ्याला कळा. पान निघालं कांदालसूण चटणीच्या डब्याखाली. शेवटची दहा अक्षरं तेलानं खाल्लेली.

"झालं वाटोळं," मी म्हटलं.

डिस्कचा आत्ताचा ठसा तिनं मोबाईलवर घेतला होता; तो पानाशेजारी धरला. "तेल राहू दे, आज्जी. पहिलंच अक्षर जुळंना."

साहेब फोनवर ओरडले, "चटणीच्या कागदावर परीक्षा अडवू व्हय मी?"

"अडवू नका. पण ह्या डिस्कला माझी सही मिळणार न्हाय."

मग मुख्य कचेरीतनं मूळ सामान आणून, त्याचा ठसा पानाशी जुळवून चाळीसही कॉम्प्युटर तिनं नव्यानं भरले. पेपर तासभर उशिरा सुरू झाला. डिस्कला हात कुणी लावला, ते कुणी विचारलंच नाही. उशिराचा ठपका मात्र लेखी आला, तो मेहकच्याच नावानं.

तोच ठसा तिनं आता पुरता माझ्या रेशनकार्डाच्या पाठीवर लिहिलाय.

"हे तरी अंथरू नका," म्हणाली.