बांधावरची पेटी

कोऱ्या कापडाला एक वास असतो, खळीचा आणि किंचित धुळीचा, आणि कार्तिकातल्या दुपारी हुमनाबादच्या माझ्या दुकानात तो इतका दाट होतो की गिऱ्हाईक नसेल तर डोळे आपोआप मिटू लागतात. बाहेर हमरस्त्यावरून हैदराबादकडे जाणाऱ्या लॉऱ्या घरघरत असतात, समोरच्या धाब्यावरून फोडणीचा खमंग लोट येतो, आणि मी गल्ल्यामागे बसून, कानात इअरफोन खुपसून, मोबाइलवर देशोदेशीची गाणी ऐकत असतो. अशाच एका पेंगुळलेल्या दुपारी बोट भलतीकडेच लागलं आणि पडद्यावर एक तुरीचं शेत उघडलं.

पिवळ्या फुलोऱ्यावर तिरपं ऊन, बांधावर अंथरलेलं पोतं, पोत्यावर जुनाट पेटी. आणि एका बाईचा एक हात भात्यावर, दुसरा पट्ट्यांवर. चेहरा चौकटीबाहेर. गाणं तिचं स्वतःचं होतं, अर्धं कन्नड, अर्धं मराठी, आमच्या घराघरांत बोलतात तसं, एकाच वाक्यात दोनदा उंबरा ओलांडणारं. फुलं झडून शेंग धरणाऱ्या तुरीला ती विचारत होती की तुझं पिवळं लुगडं कुणी नेलं. आणि त्या ओळीच्या ऐन शिखरावर पेटी मुकी झाली. एक पांढरी पट्टी दाबली की तिच्यातून सूर येईना, नुसता वारा निघे. आणि क्षणभर थांबून ती बाई तो हरवलेला सूर आपल्या गळ्यातून हलकेच तिथं ठेवून देई. शेकडो मैफली ऐकलेला माणूस मी, पण इतक्या मोकळ्या जागेत इतका एकटा सूर कधी ऐकला नव्हता.

"कानात बोळं घालून बसलाव, गिऱ्हाईक दारात हुबं हाय!" बायको ओरडली तेव्हा मी भानावर आलो.

त्या गाणाऱ्या बाईचं नाव शिवलीला, गाव बिदरजवळचं कमठाणा, एवढं पुढे कळलं. ऐकणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजावीत इतकीच होती. आम्ही खाली प्रतिक्रिया लिहीत असू, एकमेकांना नावानं ओळखू लागलो होतो, आणि मला तर येणाऱ्या-जाणाऱ्याला तिचं गाणं ऐकवायचं वेडच लागलं. सदऱ्याचं कापड घ्यायला आलेला माणूस गाणं ऐकून, कापड विसरून निघून जाई. मग आम्हा ऐकणाऱ्यांच्या मनात आलं, या बाईसाठी काहीतरी करावं. करायचं काय, हे तर उघडच होतं. मीच पुढाकार घेतला. सगळ्यांनी जमेल तसे पैसे घातले, तिला तसं कळवलं, पेटी कलबुर्गीला दुरुस्तीला गेली आणि कार्तिक सरता सरता खणखणीत होऊन परतली. नव्या गाण्यात ती पट्टी लख्ख वाजली. मी अभिमानानं खाली लिहिलं, 'आता सूर पूर्ण झाला.'

त्यानंतर शिवलीलाचं गाणं आलंच नाही.

आधी वाटलं, तुरीच्या कामात असेल. मग वाटलं, घरात काही बरंवाईट झालं असेल. दुकान उघडलं की पहिल्यांदा मोबाइल बघायचा आणि शेवटचं तेच गाणं पुन्हा लावायचं, असं सुरू झालं. आणि जितक्या वेळा ते ऐकलं तितक्या वेळा मन खट्टू झालं. सगळं जागच्या जागी होतं, आणि तरी काहीतरी नव्हतं. पेटी गात होती. बाईचा आवाज तिच्या मागून चालत होता, एवढंच. आपल्या मायेनं एक गळा मिटवला की काय, या भीतीनं मला जेवण गोड लागेना.

परक्या बाईच्या गावी उठून जाण्याची रीत नाही. पण आमच्याकडे वर्षातला एक दिवस असा असतो की त्या दिवशी कुणीच परकं नसतं. मार्गशीर्षातल्या अमावास्येला, येळवशीला, गावंच्या गावं ओस पडतात आणि शेतं माणसांनी भरून जातात. कडब्याची छोटी खोपटी, कोप, उभारून तिच्यात पाच पांडव पुजायचे, आंबील, भज्जीची मिसळभाजी, बाजरीचे उंडे रानातच खायचे, आणि बांधावरून जो जाईल त्याला हाक मारून पंगतीला बसवायचं, मग तो कुणी का असेना. त्या दिवशी मी कमठाण्याच्या रस्त्याला उतरलो. दवानं ओली ज्वारी, हरभऱ्याचा आंबूस गंध, जागोजागच्या कोपींतून वर चढणारा धुपाचा निळसर धूर. वाट विचारत विचारत मी त्या बांधाशी पोचलो.

"कामून हुबं राहिलाव अण्णा? या की, बसा जेवायला," एका तरुण बाईनं हाक दिली. चेहरा कधी पाहिला नव्हता, पण आवाज ओळखला.

मी नाव सांगितलं, तशी तिनं मला पानावर बसवलं. पानावर भज्जी वाढताना तिची नजर काही वर येईना. शेवटी तिची आईच बोलली. पेटी तिच्या नवऱ्याची, शिवलीलाच्या अप्पांची. ती पट्टी लेक लहान होती तेव्हापासून मुकी. सोमवारच्या भजनात अप्पा ती दाबून मान वर करायचे आणि समोर जो बसला असेल, शेजारी, पाहुणा, दळण घेऊन आलेली बाई, तो तेवढा सूर द्यायचा. कुणाचा बेसूर लागला तरी चालायचं. "अप्पा गेले. मोबाइलवर समोर कुनी न्हाई, म्हनून हीच देत व्हती."

"तुमी मायेनं केलाव अण्णा, तुमाला सांगू कसं?" शिवलीला म्हणाली. "पन आता पेटीच बोलायली. मग मानसानं कामून बोलावं? पट्टी न्हाई दाबली तर तुमचा अपमान, आन दाबली तर माजा गळाच धरायलाय."

माझ्या हातातला उंडा हातातच राहिला. ज्याला आम्ही पेटीतलं न्यून समजलो होतो ते एका माणसानं जन्मभर उघडं ठेवलेलं दार होतं, आणि आम्ही ते, किती प्रेमानं, बुजवून टाकलं होतं.

"पेटी आणा," मी म्हणालो. "आणि ती पट्टी दाबू नका. मीच सांगतोय."

तिनं माझ्याकडे निरखून पाहिलं, मग कोपीतून पेटी आणली. तेच गाणं. पिवळ्या लुगड्याची ओळ चढत गेली, शिखराशी आली, आणि तिचं बोट पट्टीवर अधांतरी थांबलं. तिनं मान वर केली. तिची आई, भावजय, जेवायला बसलेले शेजारी, पलीकडच्या बांधावरून आंबिलीचं मडकं घेऊन चाललेला म्हातारा, सगळ्यांनी जागच्या जागी तो एक सूर दिला. जाडा, किनरा, खरखरीत, थरथरता. ज्वारीच्या कणसांवरून तो पसरत गेला. आणि त्यात एक घोगरा, पार खाली उतरलेला आवाज होता, तो माझा होता, हे मला जरा उशिरानं उमगलं.

परवा नवं गाणं आलं. या खेपेला मी इअरफोन लावले नाहीत, मोबाइल गल्ल्यावर उघडा ठेवला. दुकानात खळीचा तोच वास, बायको एका गिऱ्हाइकाला परकराचं कापड मोजून देत होती. ओळ चढली, पडद्यावरचं बोट हवेत थांबलं, आणि मी तोंड उघडायच्या आत, मीटरपट्टी हातात तशीच धरून, मान वर न करता, बायकोनं तो सूर दिला.