हस्ताक्षर

संत्र्याची साल सोलल्याचा वास आला की मला मध्य प्रदेशातल्या सौंसरमधली एक दुपार आठवते. आम्ही दोघी मैत्रिणी बागेत बसून प्राथमिक शिक्षिकेच्या ट्रेनिंगचे फॉर्म भरत होतो. शिकलो मराठी शाळेत आणि फॉर्म हिंदीतला. शेवटी छापलं होतं, ‘आवेदक के हस्ताक्षर’. "हस्ताक्षर काहाले मांगून राहिले वो?" तिनं विचारलं. "मास्तरीण होणारीचं अक्षर पाहत असतीन," मी ठासून सांगितलं. तिनं त्या रेघेवर वळणदार अक्षरात लिहिलं, ‘मला लहान मुलांना शिकवायचे आहे.’ माझी शाई संपली म्हणून माझी रेघ कोरीच राहिली. संध्याकाळी वडील हसले, "अवो, हिंदीत हस्ताक्षर म्हंजे सही!" मी सही केली. तिचा फॉर्म सकाळी पोस्टात पडणार होता. तिचं घर दोन गल्ल्या पलीकडे होतं, पण जागा थोड्या होत्या. मी गेले नाही. तिचा फॉर्म परत आला आणि त्याच उन्हाळ्यात तिचं लग्न लागलं. चूक आपलीच, असं ती आजही म्हणते. पुढे मी तीस वर्षं शाळेच्या हजेरीवर रोज सही केली, आणि सही करण्याआधी त्या रेघेवर मला रोज तिचं अक्षर दिसलं.