दादा म्हणतील तिथं

भागीरथी पंच झाली ती तिला न विचारताच. ग्रामपंचायतीत दोन बायका पाहिजेत असा कायदा आला, आणि धसईच्या पुढच्या वेळशेत गावात धाऊ पाटलांनी, घरच्या दादांनी, आपल्या धाकट्या भावाची बायको देऊन टाकली. "घरातलीच बरी," एवढंच ते म्हणाले. भागीरथी थोरल्या दिरासमोर डोक्यावरचा पदर ढळू देत नसे, मग बोलायची बात दूर. पहिली दोन वर्षं ती सभेला गेली, कोपऱ्यात बसली आणि अंगठा उठवून घरी आली.

पण कातकरवाडीच्या जानीला त्याचं फार अप्रूप वाटलं. जानी भाताच्या आवणीला, रोपं लावायला, भागीरथीच्या शेतावर यायची. दोघी एकाच वयाच्या, चिखलात वाकून बोलत राहायच्या. वाडीतल्या बाया उन्हाळ्यात ओढ्याच्या वाळूत डवरा खणायच्या आणि पाझरून येईल तेवढं गढूळ पाणी वाटीवाटीनं भरायच्या. जानी म्हणाली, "वयनी, आता तुमी पंच. आमच्या पाण्याचं बोला."

"बोलेन गो," भागीरथी म्हणाली. मनापासून म्हणाली.

साठ साली ब्लॉकाचे साहेब आले. शाळेच्या पडवीत सभा भरली. विकासाची योजना वरून लादायची नाही, गावाची गरज गावानं सांगायची, असं साहेबांनी समजावलं. गावाला एक विहीर मिळणार होती. सिमेंट आणि सुरुंग सरकारचे, मेहनत गावाची. धाऊ पाटील म्हणाले, विहीर देवळामागं व्हावी. माना डोलल्या. कातकरवाडीची माणसं पडवीखाली उन्हात उकिडवी बसली होती, त्यांच्यात जानीही होती.

साहेब तरणे होते, नवे होते. त्यांनी एकदम कोपऱ्याकडं तोंड केलं. "पाणी बायका भरतात. बाई, तुम्ही सांगा, विहीर कुठं पाहिजे?"

असं कुणी तिला कधी विचारलं नव्हतं. सगळी पडवी तिच्याकडं वळली. धाऊ पाटील तिच्याकडं बघतही नव्हते, पानाला चुना लावत होते. भागीरथीला वाडीचं नाव ओठापर्यंत आलेलं कळलं. मग तिला रात्रीचं घर दिसलं, नवऱ्याचं पडलेलं तोंड दिसलं, वेगळी चूल दिसली.

"दादा म्हणतील तिथं," ती म्हणाली.

साहेबांनी मान डोलावली आणि देवळामागं असं लिहून घेतलं. खाली जानीनं पदर झटकला आणि उठून चालू लागली.

पुढं जे झालं त्यानं भागीरथी स्वतःच्याच नजरेत आणखी खाली गेली. श्रमदानाला गावातल्या घरटी एकेक माणूस यायचा होता. पण आधी भाताच्या मळणीची सबब निघाली, मग लग्नसराईची. खणायला आली ती वाडीच. जानी आणि तिचा नवरा बाळ्या विहिरीतून दगडाच्या पाट्या वर देत होते. भागीरथी घरून पेज घेऊन जायची. जानी पेज घ्यायची, पण डवऱ्याचं नाव तिनं पुन्हा काढलं नाही.

पाणी लागलं, छान लागलं. पूजेला पंच बाई म्हणून भागीरथीलाच बसवलं. आणि पहिल्याच उन्हाळ्यात वाडीच्या बाया हंडे घेऊन काठापासून लांब उभ्या राहिल्या, कुणीतरी ओतील म्हणून. ज्यांनी विहीर खणली त्यांना तिच्यात पोहरा सोडायची मुभा नव्हती. भागीरथी दुपारी गाव निजलं की जायची आणि हाताला फोड येईतो त्यांचे हंडे भरायची. एकदा जानी म्हणाली, "वयनी, तुमी जिवाला लावून घेऊ नका. तुमाला गावात नांदायचं हाय."

शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

पंचायत समित्या आल्या, तालुक्याच्या नव्या योजना आल्या, पुन्हा सभा झाली. या वेळी तिला कुणी विचारलं नाही. तीच उभी राहिली. पदर दोन्ही हातांनी धरून म्हणाली, "वाडीला विहीर पाहिजे. आधीच द्यायला पाहिजे होती." आवाज इतका बारीक की मागच्यांना ऐकू गेला नाही. धाऊ पाटलांना गेला. ते उठून गेले आणि वर्षभर तिच्या हातचं जेवले नाहीत. नवऱ्यानं, राघोनं, तोंड पाडलं नाही. चूलही वेगळी झाली नाही. ज्या भीतीपायी ती गप्प बसली होती ती भीती एवढीशीच होती, हे तिला फार लागलं.

वाडीत विहीर झाली तेव्हा जानी तिथं नव्हती. बाळ्यासंगं कल्याणकडं वीटभट्टीवर गेली ती तिकडंच राहिली. एका शिमग्याला आली असं कळलं, तशी भागीरथी वाडीत गेली.

"जाने, त्या दिवशी साहेबानं इचारलं आन् मी..."

"राहू द्या ना वयनी," जानी म्हणाली. "दूध नाय. काळा चहा चालंल?"

भागीरथीनं वाडीत कधी पाण्याचा घोट घेतला नव्हता. तिनं चहा घेतला. जानी भट्टीवरच्या गोष्टी सांगत होती, हसत होती. आणि चहा पिता पिता भागीरथीच्या ध्यानात आलं, की आपली नजर सारखी दाराकडं जातेय, गावातलं कुणी बघत तर नाही ना म्हणून.

जानीनंही ते पाहिलं. ती उठली आणि दार लोटून घेतलं.