दोरा तुटायला हवा

मी घरातला पहिला इंजिनियर, चाकणच्या कंपनीत नोकरीला. रविवारी आम्ही मित्र पोशाख चढवून सैनिक, हेर होतो आणि राजगुरुनगरजवळच्या माळावर लढाई खेळतो. सापळे माझ्याकडे. पायवाटेवर घोट्याच्या उंचीला शिलाईचा दोरा बांधायचा, त्याच्या टोकाला बझर जोडायचा. पाय लागला की तो तुटतो, बझर वाजतो आणि गडी खेळापुरता मेला. दोरा तुटला नाही तर माणूस तोंडावर आपटेल. म्हणून प्रत्येक रिळाचा दोरा मी आधी स्वतःच्या पायाने तोडून बघतो. तरी धाकधूक असतेच.

एकदा झुडपामागे दबा धरून बसलो होतो, तर शत्रूऐवजी माळाच्या मालकीणबाईच आल्या. डोक्यावर गवताचा भारा. "मावशी, थांबा!" म्हणेपर्यंत त्यांचा पाय दोऱ्याला लागला होता. बझर कोकलला. मावशी मात्र उभ्याच.

"काय रं हे?"

"सापळा, मावशी. खेळातला. लागलं नाही ना?"

"न्हाई. मग मी मेले का आता?"

"खेळात... हो."

"मेलेल्या बाईनं भारा वाहायचा व्हय?"

भारा मी डोक्यावर घेतला. पाय कुठे पडतोय ते त्याखालून खरंच दिसत नव्हतं. गोठ्यापर्यंत मी वाट चाचपडत गेलो.