सगुण इलेक्ट्रिशनची स्वतःची गाडी

डिचोलीच्या बसस्टँडमागे सगुणचे गॅरेज होते. गॅरेज म्हणजे पत्र्याचे छप्पर, एक लाकडी बाक आणि भिंतीला खिळ्यांवर टांगलेली वायरींची भेंडोळी. तो मूळचा दोडामार्गाकडचा. खाणींवर ट्रक वाढले तेव्हा इकडे आला, गाड्यांच्या वायरिंगचे काम शिकला आणि नार्व्याला नदीजवळ घर करून राहिला. निवृत्तीनंतर मी संध्याकाळी त्याच्या बाकावर जाऊन बसत असे.

गाडी आली की तो बॉनेट उघडायच्या आधी एकच गोष्ट विचारी.

"खंय बंद पडली ता सांग. काय झाला ता मी बघतंय."

कधी येणारा, कधी जाणारा फॉल्ट असला तर त्याला तो चोर म्हणे. मला म्हणायचा, "मास्तर, तुमी वर्गात इल्यार पोरां कशी गप बसतत? गाडी गॅरेजीत इली की तशीच करता." मग मालकाला शेजारी बसवून तो गाडी त्याच रस्त्याने, त्याच वेळेला नेई, आणि चोर हाती लागेपर्यंत तिला सोडत नसे. लोक म्हापशाहून त्याच्याकडे गाड्या आणीत.

त्याची स्वतःची एक राखी रंगाची जुनी गाडी होती, चौऱ्याऐंशी साली घेतलेली. पंचाण्णवच्या श्रावणात एका दुपारी त्याच्या बायकोच्या, सुलोचनाच्या छातीत कळ आली. सगुणने तिला मागच्या सीटवर निजवले. मुलगी भाग्यलक्ष्मी आईचे डोके मांडीवर घेऊन बसली. म्हापशाच्या वाटेवर अस्नोड्याच्या पुलाच्या अलीकडे गाडी बंद पडली. इंजिन, हॉर्न, लाईट, सगळे एकदम गेले. सगुण वीस मिनिटे बॉनेटखाली वाकून होता. शेवटी एका ट्रकवाल्याने सुलोचनाला उचलून नेले. इस्पितळात पोचेपर्यंत ती गेली होती. वीस मिनिटांनी फरक पडला असता का, ते डॉक्टरांनाही सांगता आले नाही.

संध्याकाळी सगुण गाडी आणायला गेला. किल्ली फिरवली तर ती पहिल्या झटक्यात चालू झाली.

बाराव्याला आलेल्या माणसांसमोर भाग्यलक्ष्मी म्हणाली, "डिचोलीत कोणाचीय गाडी बंद पडली तर तुमी बरी करतात, बाबा. आईच्याच वेळार कशी रवली?"

चौदाव्या दिवशी सगुण गॅरेजात आला आणि कामाला लागला. काम पूर्वीसारखेच नीट करी. कोणी चहा दिला की पिई, नाही दिला तर मागत नसे. हाताला चटका बसला तरी हात सावकाश काढून घेई. घरी मुलगी ताट वाढून आत निघून जाई. ती बालवाडीत शिकवायची, लहान मुलांशी दिवसभर बोलायची. बापाशी मात्र कामापुरते दोन शब्द.

दर रविवारी दुपारी तो एकटाच गाडी घेऊन अस्नोड्याच्या पुलापर्यंत जाई. तिथे थांबे, परत येई. गाडी बंद पडावी म्हणून तो वाट बघत होता. वर्षभरात ती दोनदा बंद पडली आणि दोन्ही वेळा बॉनेट उघडताच पुन्हा चालू झाली. त्याने किल्लीचा स्विच बदलला, फ्यूजची पेटी बदलली, बॅटरी नवी घातली, निम्मी वायरिंग काढून पुन्हा ओढली.

टॅक्सीवाला जयराम एकदा चेष्टेने म्हणाला, "सगुणा, वैद्याचीच पोरां खोकतत मरे!"

दुसरा कोणी असता तर चिडला असता. सगुण म्हणाला, "होय," आणि टेस्टरचा दिवा पुसत राहिला.

वर्षश्राद्ध झाले. दसरा आला. दसऱ्याला सगुण कधी घरी नसे. गॅरेजात हत्यारांची पूजा, मग दिवसभर टॅक्सीवाल्यांची बोलावणी. घरच्या गाडीची पूजा सुलोचनाच करी. त्या वर्षी भाग्यलक्ष्मी आपणहून म्हणाली, "यंदा घराकडे रवा, बाबा. आई करी तशी गाडयेची पूजा करुया."

तो तबक धरून उभा राहिला. तिने गाडीला झेंडूची माळ घातली, चाकांखाली लिंबे ठेवली. मग बॉनेट उघडले आणि बॅटरीला कुंकू लावले.

"ह्यां कित्याक?" सगुणने विचारले.

"आई म्हणायची, गाडयेचो जीव हय आसता."

तिने नारळ फोडला आणि त्याचे पाणी बॅटरीच्या कडेने, आई ओतायची त्या कोपऱ्यात ओतले. पाणी पत्र्यावरून ओघळले आणि एका बोल्टपाशी जाऊन मुरले. बॅटरीची जाड वायर त्या बोल्टने गाडीच्या पत्र्याला जोडलेली होती. तिलाच अर्थिंग म्हणतात. ती सुटली की गाडीतले सगळेच मरते. तबक हातात धरून सगुण त्या बोल्टकडे बघत राहिला.

दुपारी मी सोने द्यायला नार्व्याला गेलो, तेव्हा तो अंगणात पाना घेऊन वाकला होता. बोल्ट काढून त्याने माझ्यासमोर धरला.

"मास्तर, ह्यां बघा."

वरून बोल्ट स्वच्छ आणि घट्ट होता. पण वायरीच्या टोकाखाली पत्रा कुरतडलेला होता, हिरवट भुकटी साचली होती आणि तिच्यात कुंकवाचा लाल पापुद्रा होता. अकरा दसऱ्यांचे नारळपाणी तिथे मुरले होते. गाडी तापली, हादरली की जोड सुटे. थोड्या वेळाने पुन्हा लागे. सगुण टेस्टरचा चिमटा पत्र्याला न लावता सवयीने थेट बॅटरीला लावायचा; हा जोड तपासातून सुटायचा आणि दिवा नेहमी पेटायचा. तो बोल्ट त्याने स्वतः बसवला होता. हलवून कितीदा पाहिला होता, सोडून एकदाही पाहिला नव्हता.

"तिका सांगू नकात," तो म्हणाला. आवाजात काहीच नव्हते.

भाग्यलक्ष्मी दारात आली. "गावलो फॉल्ट?"

"गावलो. अर्थिंगचो बोल्ट. मीच बसवलेलो. सोडून बघूक नाय कधी."

"म्हणजे तुमची चूक."

"होय. माझीच."

ते खोटे नव्हते. पुरतेही नव्हते. ती म्हणाली, "जेवूक येवा. खीर निवता. मास्तर, तुमीय येवा." आणि त्या दिवशी ती ताट वाढून आत गेली नाही. तिथेच बसली.

पुढच्या दसऱ्याला मी सकाळीच गेलो. तिने बॉनेट उघडले, बॅटरीला कुंकू लावले, नारळ फोडला आणि थांबली. त्या कोपऱ्यात वायर नव्हती. भोक बुजवून वर राखी रंग मारला होता. वायर पलीकडच्या बाजूला, वर, पाणी पोचणार नाही अशा ठिकाणी नेली होती. लहानपणी गॅरेजात बापाच्या हातात पाने देत वाढलेली पोर ती.

"वायर हय होती मां?"

"होय."

"कित्याक हलवलात?"

सगुण तबकाकडे बघत म्हणाला, "हय पाणी पडता."

नारळाची वाटी तिच्या हातात तशीच राहिली. मग तिने सगळे पाणी त्याच कोपऱ्यात, आईच्या जागी, सावकाश ओतले. वाटी खाली ठेवली आणि पदराने तो कोपरा पुसून कोरडा केला.

"चालू करा, बाबा," ती म्हणाली.

सगुणने तबक तिच्या हाती दिले आणि आत बसून किल्ली फिरवली.