सुभेदारकाकांचा उंट

मलकापूरच्या आमच्या गल्लीतले सुभेदारकाका बुद्धिबळाचा पट लवकर रिकामा करत. संधी मिळाली की वजिराला वजीर देऊन मोकळे. मी कुरकुरले की म्हणत, "गर्दी हटू दे पोरी. मग कोन कुठं उभा हाय ते दिसतं."

मी मिरजेला दवाखान्याच्या लॅबमध्ये नोकरीला लागले, त्याच वर्षी काकू गेल्या आणि आमचा खेळ फोनवर आला. रोज संध्याकाळी एकेक चाल. काका ती लगेच सांगत नसत. आधी मिरजेच्या पावसाची चौकशी, मग गुडघे, मग पुण्याच्या मुलाचा न आलेला फोन. चाल अगदी शेवटी. दमून आलेली मी मनातल्या मनात वैतागायची.

शेवटच्या डावात माझी दोन प्यादी जास्त होती. उंट मात्र वेगवेगळ्या रंगांचे; माझा पांढऱ्या घरांतला, त्यांचा काळ्या घरांतला, म्हणजे दोघांची गाठच पडायची नाही. मी गुपचूप मोबाईलवरच्या बुद्धिबळाच्या इंजिनला, म्हणजे चाली मोजणाऱ्या प्रोग्रॅमला विचारलं, सांगायला लाज वाटते. ते म्हणालं, तू जिंकतेस. मग काय, मी रेटत राहिले. काकांचा उंट दोन घरांत येरझाऱ्या घालत राहिला. "आज उंट मागं." "आज उंट पुढं." असे दोन महिने! तीच मांडणी तीनदा आली की बरोबरी मागता येते. काकांनी मागितली नाही.

मग एकदा माझ्याच डोक्यात प्रकाश पडला. इंजिन जास्तीची प्यादी मोजत बसलं होतं. ती काकांच्या उंटापुढे काळ्या घरांत अडकून पडलीत, माझा उंट तिथं पोचत नाही, पुढे वाटच नाही, हे त्याला कळत नव्हतं. मी ऐटीत फोन केला.

"काका, हा डाव बरोबरीचा आहे. सोडून देऊया."

"मला कवाच ठावं हाय."

"मग बोलला का नाहीत?"

काका म्हणाले, "बरं, बरोबरी तर बरोबरी. मग उद्या?"

"सध्या कामाची गडबड आहे, काका. नवा डाव मांडू सवडीने."

ती सवड मी काढली नाही. महिन्याभराने त्यांच्या मुलाचा फोन आला.

तेराव्याला गेले. खिडकीजवळच्या स्टुलावर आमच्या त्याच डावाचा पट तसाच मांडलेला होता. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "कुनाला हात लावू द्यायचे न्हाईत. पोरीचा फोन यायचा हाय, म्हनायचे."

मला रडू आवरेना. पटावर चाल माझीच होती.