सुमनची दहा मिनिटं

मंडळी, आज दुपारी आमच्या मुलुंडच्या घरातली एक चूक दुरुस्त झाली आणि तेव्हापासून माझं मन थाऱ्यावर नाही.

माझी बायको सुमन घरातली सगळी घड्याळं दहा मिनिटं पुढे ठेवायची. कॉम्प्युटरचंसुद्धा. ती जाऊन तीन वर्षं झाली. भिंतीवरची घड्याळं सेल बदलताना बरोबर लागली. पुढे राहिलं होतं ते एवढं कॉम्प्युटरचंच.

आज लेकीने त्यात एक फुकटचं सॉफ्टवेअर टाकलं. आकडे क्षणात मागे सरकले.

"अगं, हे काय केलंस?"

"बाबा, ते इंटरनेटवरून खरी वेळ विचारून घेतं. आता कधीच चुकणार नाही."

लेक घरी गेल्यावर मी हळूच वेळ दहा मिनिटं पुढे केली. जरा वेळाने बघतो तर पुन्हा बरोबर! शाळेत कविता म्हणताना गुरुजी चुकलेला शब्द सुधारायचे ना, अगदी तसं.

चाराला दहा कमी असताना मागून आवाज आला, "अहो, चार वाजले. चहा टाकताय ना?"

वळलो. कुणी नव्हतं. उठून दोन कपांचं आधण ठेवलं.

सांगा, ते सॉफ्टवेअर काढू की राहू दे? तिला अजून खरी वेळ कुणी सांगितलेली दिसत नाही.